व्होल्ट आणि अँपिअरवरून रोध आणि वॅट काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे हातात असले की रोध आणि वॅट काढायला एक भागाकार आणि एक गुणाकार पुरतो. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. गिझरवर छापलेले वॅट नेहमी खरे असतात का? बल्बचा रोध मल्टिमीटर भलताच का दाखवतो? पंख्याचं गणित का जुळत नाही? प्लगची एकच पिन का काळी पडते? नववी-दहावीची मुलं, आयटीआयचे विद्यार्थी आणि आपल्या घरातलं वायरिंग समजून घेऊ पाहणारे मुंबईकर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. आकडेमोड मुद्दाम पूर्ण दाखवली आहे. कॅल्क्युलेटर घेऊन सोबत करत जा.

व्होल्ट आणि अँपिअर माहीत आहेत. रोध आणि शक्ती कशी काढायची?

रोध = विभवांतर (व्होल्ट) ÷ विद्युतधारा (अँपिअर). उत्तर ओहममध्ये येतं.
शक्ती = विभवांतर × विद्युतधारा. उत्तर वॅटमध्ये येतं.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर एक तापतार जोडली आणि ३ अँपिअर धारा वाहिली, तर रोध १२ ÷ ३ = ४ ओहम आणि शक्ती १२ × ३ = ३६ वॅट. घरातली इस्त्री २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर घेत असेल, तर रोध सुमारे ५३ ओहम आणि शक्ती सुमारे १००० वॅट.

पहिलं नातं जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलं. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इंग्लंडच्या जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये प्रयोगाने दाखवलं. या पानावर पुढे जे काही आहे ते जवळजवळ सगळं या दोन गोष्टींतूनच निघतं.

एका सूत्रात रोध वाढला की शक्ती वाढते, दुसऱ्यात कमी होते. खरं काय?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि वर्गात तो बहुतेक वेळा घाईत सुटून जातो, म्हणून इथे थोडं थांबू.

शक्ती तीन तऱ्हांनी लिहिता येते: विभवांतर × धारा, धारेचा वर्ग × रोध, विभवांतराचा वर्ग ÷ रोध. तिन्ही एकाच वेळी खरी आहेत. गोंधळ होतो, कारण रोध बदलला की धारा किंवा विभवांतर यांतलं काहीतरी सोबत बदलतंच, आणि आपण ते जागचं हललं नाही असं धरून चालतो. म्हणून सूत्र निवडण्याआधी एवढंच विचारायचं: या जोडणीत ठरलेलं काय आहे?

घरात व्होल्टेज ठरलेलं असतं. प्रत्येक उपकरण समांतर जोडणीत असतं आणि प्रत्येकाला २३० व्होल्ट मिळतात. इथे तिसरं सूत्र वापरा. रोध कमी, तर शक्ती जास्त. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम. ४० वॅटच्या बल्बचा १३२२.५ ओहम. कमी रोधाचा बल्ब जास्त उजेड देतो.

आता हेच दोन बल्ब एकसर जोडा, म्हणजे एकामागे एक. आता दोघांतून एकच धारा जाते, म्हणून दुसरं सूत्र. एकूण रोध १८५१.५ ओहम, धारा २३० ÷ १८५१.५ = ०.१२४ अँपिअर. ४० वॅटच्या बल्बला सुमारे २०.४ वॅट मिळतात, १०० वॅटच्या बल्बला जेमतेम ८.२ वॅट. छोटा बल्ब मोठ्यापेक्षा जास्त उजळतो! तापमानासोबत तंतूचा रोध बदलतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतील, पण कोणता जास्त उजळणार हे बदलत नाही. प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हे एकदा डोळ्यांनी पाहा. नंतर सूत्र निवडताना कधी अडणार नाही.

गिझरवर २००० वॅट लिहिलंय. व्होल्टेज कमी झालं तरी तो २००० वॅटच घेतो का?

नाही. पाटीवरचे वॅट फक्त पाटीवरच्या व्होल्टलाच खरे. गिझरमध्ये जवळपास कायम राहतो तो कॉइलचा रोध.

२३० व्होल्टला २००० वॅट म्हणजे धारा ८.७ अँपिअर आणि रोध २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. संध्याकाळी व्होल्टेज २०० वर उतरलं, तर शक्ती २०० × २०० ÷ २६.४५ = १५१२ वॅट. व्होल्टेज १३ टक्के घटलं, पण शक्ती २४ टक्क्यांहून जास्त घटली. ही वर्गाची करामत.

मग बिल वाचलं का? तेही नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण १५.७ लाख ज्यूल ऊर्जा लागते. २००० वॅटवर ते काम १३ मिनिटांत होतं, १५१२ वॅटवर १७ मिनिटांच्या थोडं पुढे जातं. ऊर्जा तेवढीच गेली, फक्त वाट जास्त पाहावी लागली.

६० वॅटच्या बल्बचा रोध गणिताने ८८० ओहम येतो, मल्टिमीटर मात्र ६०-७० दाखवतो. मीटर बिघडलाय का?

मीटर बरोबर आहे आणि गणितही बरोबर आहे. मीटर थंड तंतू मोजतो, गणित पेटलेल्या तंतूचं आहे. पिवळ्या बल्बमधला टंगस्टनचा तंतू पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि त्याचा रोध दहा ते पंधरा पट वाढतो. म्हणूनच खटका दाबल्या क्षणी बल्ब नेहमीच्या कितीतरी पट धारा ओढतो, आणि म्हणूनच बल्ब बहुतेक वेळा लावतानाच जातो.

गिझर, इस्त्री, शेगडी यांच्या कॉइल निक्रोमसारख्या मिश्रधातूच्या असतात. त्यांचा रोध तापल्यावर थोडाच वाढतो. तिथे थंड कॉइल मोजून काढलेलं उत्तर चालून जातं. २००० वॅटच्या गिझरचं कॉइल बाहेर काढून मोजलं आणि २६ ओहमच्या आसपास आलं, तर कॉइल ठीक. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलं.

एलईडी आणि डायोडला तर ओहमचा नियम लागूच होत नाही. त्यांच्यात व्होल्ट थोडे वाढले की धारा एकदम उसळते. एलईडी बल्बच्या दोन टोकांना मीटर लावून रोध शोधण्यात वेळ घालवू नका.

पंख्याचे व्होल्ट आणि अँपिअर गुणले तर ९२ येतात, वॅटमीटर मात्र ७४ दाखवतो. कुठे चुकलं?

समजा पंखा २३० व्होल्टवर ०.४ अँपिअर घेतो. गुणाकार ९२. पण हे ९२ वॅट नव्हेत, ते व्होल्ट-अँपिअर आहेत. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होणारी, म्हणजे एसी. मोटरच्या वेटोळ्यांमुळे धारा व्होल्टेजच्या थोडी मागे राहते आणि काही ऊर्जा प्रत्येक फेरीत घेतली जाते आणि परत दिली जाते. खरे वॅट काढायला आणखी एका आकड्याने गुणावं लागतं, पॉवर फॅक्टरने. इथे तो ०.८ आहे: २३० × ०.४ × ०.८ = ७३.६ वॅट.

गिझर, इस्त्री, इमर्शन रॉड यांचा पॉवर फॅक्टर १ धरा, साधा गुणाकार पुरतो. पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप, एअर कंडिशनर (घरातला ‘एसी’), मिक्सर आणि स्वस्तातले एलईडी बल्ब यांना तो एकापेक्षा कमी असतो. त्यांचे व्होल्ट भागिले अँपिअर केल्यावर जे ओहम येतात तो नुसता रोध नसतो, त्याला इंपिडन्स म्हणतात. मल्टिमीटरने मोजलेल्या वेटोळ्याच्या रोधाशी तो आकडा जुळणार नाही. घरगुती मीटर युनिटं खऱ्या वॅटवरूनच मोजतो. वायर आणि एमसीबी (धारा मर्यादेबाहेर गेली की पुरवठा तोडणारा खटका) निवडताना मात्र पूर्ण अँपिअर धरायचे, कारण वायरीला तापवते ती धारा.

मोजमाप घ्यायला कोणता मीटर घ्यावा आणि तो कसा लावायचा?

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या किंवा लोहार चाळीच्या बाजारात गेलात तर अगदी स्वस्तापासून महागापर्यंत मीटरांची रांग दिसेल. घरच्या २३० व्होल्टवर वापरायचा असेल, तर माझा आग्रह क्लॅम्प मीटरचा आहे. त्यात वायर तोडावी लागत नाही, त्याचा जबडा वायरीभोवती बसवला की अँपिअर दिसतात. मात्र जबड्यात एकच वायर घ्यायची, फेज किंवा न्यूट्रल. दोन्ही असलेली पूर्ण केबल घेतली तर आकडा शून्य येतो, कारण जाणारी आणि येणारी धारा एकमेकींचा परिणाम खोडतात. खूप जणांना इथे मीटर खराब वाटतो.

साध्या मल्टिमीटरने व्होल्ट मोजायचे तर तो समांतर लागतो आणि अँपिअर मोजायचे तर एकसर. अँपिअरच्या भोकात लाल वायर खोचलेली असताना मीटर सॉकेटमध्ये घालणं म्हणजे थेट शॉर्टसर्किट. अँपिअरच्या बाजूला मीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे २३० व्होल्टला अडवणारं काहीच उरत नाही. आणि ओहम मोजताना उपकरणाचा प्लग बाहेर हवा, नेहमी. चालू वायरीवर ओहम मोजायला गेलं तर मीटर जातो आणि कधी हातही भाजतो.

शिकणाऱ्यांनी सुरुवात ९ किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर करावी. सूत्रं तीच आहेत आणि चूक झाली तरी जीव धोक्यात येत नाही.

६ अँपिअरच्या सॉकेटवर किती वॅट चालतील?

२३० × ६ = १३८० वॅट. १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर २३० × १६ = ३६८० वॅट. इस्त्री लहान सॉकेटवर चालेल, १५०० वॅटचा रॉड (६.५ अँपिअर) चालणार नाही. चाळीतल्या खोलीत एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर टीव्ही, फ्रिज, मिक्सर आणि रॉड लावलेला दिसतो. बोर्डात चार भोकं असली तरी मागची वायर एकच आहे आणि चौघांच्या धारांची बेरीज तिच्यातूनच जाते.

वायरीचा रोध इतका कमी असतो. तो धरायचा कशाला?

कारण त्यातून जाणारी धारा मोठी असते आणि उष्णता धारेच्या वर्गाने वाढते. करून पाहू.

तांब्याच्या एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम. मीटरपेटीपासून गिझर २० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर तार. ही दुप्पट बरेच जण विसरतात. दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल तर रोध ०.०१७२ × ४० ÷ १.५ = ०.४६ ओहम. गिझरच्या ८.७ अँपिअरला वायरीतच ४ व्होल्ट खर्ची पडतात आणि सुमारे ३५ वॅट उष्णता भिंतीतल्या पाइपात सुटते. एक चौरस मिलिमीटरची वायर असेल तर ५२ वॅट, अडीचची असेल तर २१ वॅट. म्हणून गिझर आणि एसीला अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर टाकतात.

पण माझ्या मते वायरीपेक्षा जास्त घातक सैल जोड आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. वायरीतले ३५ वॅट ४० मीटरवर पसरलेले असतात. सॉकेटमध्ये स्क्रू ढिला झाला किंवा पिन नीट बसली नाही आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला, तर गिझर चालू असताना धारा साधारण ८.५ अँपिअर आणि त्या एका बिंदूवर ८.५ × ८.५ × ०.५ = ३६ वॅट. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं, आणि इथे त्याहून जास्त उष्णता प्लास्टिकच्या सॉकेटच्या पोटात साठते. प्लगची एकच पिन काळी पडते ती यामुळे. त्याच सैल जोडावर इस्त्री लावली, म्हणजे धारा निम्मी झाली, तर उष्णता पावपट: नऊ वॅटच्या आसपास. एमसीबी यात काहीच करत नाही, कारण सैल जोडाने धारा वाढत नाही, उलट किंचित घटते. एमसीबीला सगळं आलबेल दिसतं.

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत पितळेच्या पट्ट्या लवकर काळवंडतात आणि जोडाचा रोध वाढत जातो, विशेषतः समुद्राकाठच्या वस्त्यांत. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, परवानाधारक वायरमनकडून गिझर आणि एसीचे सॉकेट उघडून स्क्रू आवळून घ्या. प्लग हाताला गरम लागत असेल तर तेवढीही वाट पाहू नका.

गणपतीच्या मंडपाचा लोड कसा काढायचा?

आधी सगळ्या उपकरणांचे वॅट एका कागदावर मांडा. उदाहरणार्थ, १०० वॅटचे १२ एलईडी फ्लडलाइट म्हणजे १२००, साउंड २०००, १२० वॅटचे सहा स्टँड फॅन म्हणजे ७२०, माळा आणि तोरणं ३००. एकूण ४२२० वॅट. साधा भागाकार केला तर १८.३ अँपिअर. पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर २१.६ अँपिअर. म्हणजे शेजारच्या घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरून हा मंडप चालवणं चुकीचंच. वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी घ्यायची, लोड दोन-तीन भागांत वाटायचा आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र एमसीबी लावायचा.

दुसरं गणित माणसाच्या शरीराचं आहे. कोरड्या त्वचेचा रोध कित्येक हजार ओहम असतो. भाद्रपदातल्या पावसात ओल्या हातांनी, ओल्या पायांनी तो हजार ओहमपर्यंत किंवा त्याच्याही खाली येतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. एवढी धारा छातीतून गेली तर हृदय बंद पडू शकतं. १६ अँपिअरच्या एमसीबीला ही धारा दिसतही नाही. तिच्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. ती फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा सतत ताडून पाहते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडेपर्यंत, सेकंदाच्या छोट्याशा भागात, पुरवठा तोडते. मंडळांनी सजावटीचा खर्च ठरवण्याआधी आरसीसीबी आणि अर्थिंगचा खर्च बाजूला काढावा, ही कळकळीची विनंती.

लोकल १५०० व्होल्टवरून २५ हजार व्होल्टवर का नेली?

भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. पुढे मुंबईच्या लोकल टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसीवर आल्या आणि हार्बर मार्गाचं काम २०१६ साली पूर्ण झालं.

कारण आपल्याच सूत्रात आहे. सोयीसाठी धरू की गाडीला वेग घेताना ३० लाख वॅट लागतात. १५०० व्होल्टवर धारा ३०,००,००० ÷ १५०० = २००० अँपिअर. २५ हजार व्होल्टवर तीच शक्ती १२० अँपिअरमध्ये मिळते. धारा सुमारे १६.७ पट कमी, म्हणजे तेवढ्याच रोधाच्या तारेत वाया जाणारी उष्णता सुमारे २७८ पट कमी. २००० अँपिअर वाहायचे तर ओव्हरहेड तार जाड लागते आणि व्होल्टेज पडू नये म्हणून सबस्टेशनं जवळजवळ बांधावी लागतात. व्होल्टेज वाढवलं की दोन्हींची गरज कमी होते. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज आली तीही याच कारणाने उच्च दाबाच्या तारांवरून.

प्रोजेक्टसाठी १२ व्होल्टवर एलईडी लावायचा आहे. रेझिस्टर कितीचा?

आधी एलईडीचे व्होल्ट वजा करा, मग भागा. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर लागतात. (१२ − ३.२) ÷ ०.०२ = ४४० ओहम. बाजारात ४७० मिळतो, तो घ्या. मग धारा ८.८ ÷ ४७० = ०.०१८७ अँपिअर आणि रेझिस्टरमध्ये ०.१६५ वॅट उष्णता. पाव वॅटचा रेझिस्टर चालेल, पण हाताला गरम लागेल. अर्ध्या वॅटचा घेतलेला बरा. तीन एलईडी एकसर जोडले तर ९.६ व्होल्ट तेच घेतात, उरलेल्या २.४ व्होल्टसाठी १२० ओहम पुरतो आणि उष्णता ०.०५ वॅटच्याही आत राहते. उजेड तिप्पट, नासाडी तिसऱ्या हिश्श्याहून कमी. मुलांनो, प्रोजेक्टच्या वहीत ही तुलना लिहा, परीक्षकांना आवडते.

सोसायटीच्या पंपाला तीन फेज आहेत. तिथे कसं मोजायचं?

शक्ती = १.७३२ × दोन फेजमधले व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. ५ हॉर्सपॉवर म्हणजे ३७३० वॅट, पण ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती आहे. कार्यक्षमता ०.८५ आणि पॉवर फॅक्टर ०.८५ धरला, तर ४१५ व्होल्टला धारा सुमारे ७.२ अँपिअर. तिन्ही वायरींवर क्लॅम्प मीटर लावून पाहा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एक बराच वेगळा असेल तर पंप बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

वॅटवरून बिलाचं युनिट कसं काढायचं? घरातला मीटर वापरून वॅट मोजता येतात का?

१००० वॅट एक तास चालले की एक युनिट. कुलाब्यात बेस्ट असो, उपनगरात अदानी किंवा टाटा असो, मुलुंड-भांडुपला महावितरण असो, दर वेगळे असतील पण युनिट हेच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होय, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. म्हणजे एका लुकलुकीला १००० ÷ ३२०० = ०.३१२५ वॅट-तास. दोन लुकलुकींमध्ये १० सेकंद गेले तर शक्ती ०.३१२५ × ३६०० ÷ १० = ११२.५ वॅट. घरातलं सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवा आणि घड्याळ लावा. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर काहीतरी वीज घेतंय: सेट-टॉप बॉक्स, वाय-फाय किंवा कुठे तरी गळती.

परीक्षेत या गणितांत गुण कुठे जातात?

एककांत. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर, ०.२ नव्हे. किलोओहमचे ओहम करायचे राहतात. ऊर्जा ज्यूलमध्ये मागितली असताना मिनिटांचे सेकंद करायचे राहतात. उत्तर आल्यावर उलटं तपासा: काढलेला रोध दिलेल्या धारेने गुणला की मूळ व्होल्ट परत यायला हवेत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रोध शून्यच झाला तर?

पूर्ण शून्य होत नाही, कारण वायरीचा स्वतःचा रोध उरतो. मघाचीच ४० मीटरची दीड चौरस मिलिमीटरची वायर घ्या, ०.४६ ओहम. तिच्या टोकाला फेज आणि न्यूट्रल चिकटले तर २३० ÷ ०.४६ = ५०० अँपिअर. शक्ती २३० × ५०० = १,१५,००० वॅट, म्हणजे ५७ गिझर एकाच वायरीत. पुरवठा वाहिनीचाही थोडा रोध असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून कमी येतो, तरी वायर पेटायला तो पुरेसा आहे. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान क्षणात तुटतो, म्हणून घर वाचतं. एमसीबी पडल्यावर तो लगेच वर करू नका. आधी त्या लाइनीवरचे सगळे प्लग काढा, मग वर करा. तरीही पडला तर दोष वायरिंगमध्ये किंवा बोर्डात आहे, तो खालीच ठेवून वायरमनला बोलवा. न पडला तर एकेक प्लग पुन्हा लावत जा. ज्याने पडेल ते उपकरण दुरुस्तीला द्या.